टोंगळा नुसता चोळू नका: गुडघ्याच्या झिजेवर हातानं करायची फिजिओथेरपी, पायरीपायरीनं

विदर्भातल्या खेड्यात कोणी म्हणालं की ‘टोंगळ्याची फिजिओथेरपी चालू आहे’, तर त्याचा अर्थ बहुतेक दोनपैकी एक असतो. एकतर तालुक्याला जाऊन दहा दिवस ‘करंट लावून’ घेतलेला असतो, नाहीतर घरी सूनबाई रोज रात्री तेल लावून गुडघा रगडत असते. दोन्हींनी रात्र बरी जाते आणि सकाळी बाजेवरून उठताना पुन्हा ‘माय वं!’ निघतंच.

हातानं करायची फिजिओथेरपी म्हणजे आखडलेला सांधा आणि त्याभोवतीचे स्नायू हातांनी मोकळे करणं, आणि सांधा मोकळा आहे तोवरच त्याच्याकडून व्यायाम करून घेणं. पहिलं अर्धं काम सगळे करतात, दुसरं बहुतेक कोणीच करत नाही. शिवाय जे करतात त्याचा क्रमही उलटा असतो: आधी जोरात वाकवणं, मग चोळणं, मग उशी घेऊन झोपणं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच लिहिल्या आहेत. त्या गुडघ्याची झीज असलेल्या माणसासाठी आणि घरात त्याला हात लावणाऱ्या माणसासाठी आहेत. पण फिजिओथेरपिस्टनं एकदा तरी गुडघा तपासलेला असावा, हे गृहीत धरलं आहे.

## १. आधी पाहा, दुखणं झिजेचंच आहे का

झिजेच्या दुखण्याची ओळख साधारण अशी. वय पंचेचाळीसच्या पुढे. दुखणं वजन पडल्यावर, म्हणजे चालताना, चढताना, उकिडवं बसून उठताना. सकाळी किंवा बराच वेळ बसल्यावर गुडघा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. वाकवताना कटकट वाजतो. नुसता वाजतो आणि दुखत नाही, तर त्याची काळजी नको.

सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, हाताची बोटंही सुजत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी, आणि सुजेच्या भरात त्या सांध्यावर हात चालवायचा नसतो.

आपल्या भागात आणखी चार गोष्टी झिजेच्या नावाखाली लपतात.

सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, आणि खुब्याचं दुखणं कित्येकदा गुडघ्यात जाणवतं. तिशी-पस्तिशीतल्या माणसाचा ‘टोंगळा’ दुखतो आहे आणि घरात सिकलसेल आहे, तर गुडघ्याला हात लावण्याआधी खुब्याचा एक्स-रे काढायला सांगा.

खुब्याची झीज. ही घरीही ताडता येते. माणसाला उताणं झोपवा. खुबा आणि गुडघा दोन्ही काटकोनात वाकवा आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्या. जांघेत कळ आली, किंवा दुसऱ्या पायापेक्षा हा पाय फारच कमी वळला, तर डॉक्टरांना खुबा दाखवा.

चिकनगुनिया. तापानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात. ‘पावसाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून गुडघे गेले’ असं कोणी म्हणत असेल तर डॉक्टरांना तापाचीही गोष्ट सांगा.

फ्लोराइडचं पाणी. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन सांधे आणि कणा ताठ होतात. एकाच वस्तीतल्या बऱ्याच जणांची पाठ, मान आणि गुडघे एकदम ताठलेले दिसले, तर पाणी तपासायला द्या.

> इथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा: गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला आणि सोबत ताप, पडल्यावर पाय टेकवत नाही, गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही, एकच पिंढरी अचानक सुजून दुखते, रात्री पडल्या पडल्याही ठणका राहतो आणि वजन उतरतं आहे. यातलं काहीही असेल तर चोळणं, शेकणं, वाकवणं सगळं बंद.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणारे, वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेले आणि गुडघा बदललेले, यांनी घरच्या माणसाकडून सांधा दाबून किंवा हलवून घेऊ नये.

## २. पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्टकडून काय घ्यायचं

जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. त्याशिवाय नागपूरचं मेडिकल, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे इथे सोय आहे. खासगीत जाणार असाल तर बीपीटीएच पदवी आहे का ते विचारा. हाडवैद्याचं बोट लागलं की बरं वाटतं, हे खरं असेलही. पण झिजलेल्या गुडघ्याला कटकन झटका देणं हा उपचार नाही. झिजेमध्ये काहीही ‘सरकलेलं’ नसतं, जे झटक्यानं जागेवर बसेल.

एक्स-रे नेणार असाल तर दोन्ही गुडघ्यांचा, उभं राहून काढलेला न्या. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यावर वजन नसतं, त्यामुळे हाडांमधली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. आणि फोटोत झीज जास्त दिसली म्हणून दुखणंही तेवढंच असतं असं नाही. खराब फोटो घेऊन शेतात चालणारी माणसं आहेत आणि साध्या फोटोवर अंथरूण धरलेलीही आहेत.

भेटीत या गोष्टी मागून घ्या:

- गुडघा कुठे अडतो: सरळ होताना, वाकताना, की वाटी हलत नाही म्हणून?
- घरी कोणतं हातकाम, म्हणजे हातानं सांधा-स्नायू मोकळे करणं, करायचं, आणि कोणतं मुळीच नाही?
- सोबत आलेल्या माणसाचे हात तिथेच गुडघ्यावर ठेवून दाब समजावून घ्या. मोबाइलवर व्हिडिओ काढा. घरी जाऊन आठवणीवर केलेला दाब नेहमी दुप्पट असतो.

नडगीचं हाड मांडीच्या हाडावर पुढे-मागे सरकवणं, सांधा खेचून मोकळा करणं ही कामं फिजिओथेरपिस्टचीच. घरच्या माणसानं पुढच्या पायऱ्यांत लिहिलंय तेवढंच करावं.

येणं-जाणं जमत नाही ही खरी अडचण आहे. सकाळची एसटी, दिवसाची मजुरी बुडणं, सोबतीला माणूस. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत एका गटाला दवाखान्यात हातानं उपचार आणि देखरेखीखाली व्यायाम दिला, दुसऱ्याला फक्त नीट शिकवून घरी व्यायाम करायला लावला. चार आठवड्यांनी दवाखान्यातला गट बराच पुढे होता. पण वर्षभरानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले होते. म्हणून आठवड्यातून दोनदा जमलं तर उत्तम. नाही जमलं तर पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा जा आणि घरचा व्यायाम रोज करा. करू नये ते एकच: दहा दिवस रोज जाऊन यंत्राचा शेक घेणं आणि अकराव्या दिवसापासून काहीच न करणं.

## ३. जागा, वेळ आणि माणूस

बाज नको. नवारीच्या किंवा सुतळीच्या बाजेत मधोमध खोल पडतो, खुबा खाली जातो आणि पाय सरळ ठेवूनही गुडघा वाकलेलाच राहतो. लाकडी दिवाण असेल तर तो. नसेल तर जमिनीवर सतरंजी आणि त्यावर एक घडी केलेली वाकळ. पण जमिनीवरून उठताना त्रास होत असेल तर दोन बाकं जोडून भिंतीला लावा. तेही पुरतं.

वेळ. जेवणानंतर लगेच नको. दिवसभर शेतात राबून आल्या आल्याही नको. तेव्हा गुडघा आधीच चिडलेला असतो. सकाळी चहा झाल्यावर किंवा संध्याकाळी हातपाय धुऊन थोडं टेकल्यावर. उन्हाळ्यात सकाळीच उरका.

कपडे. गुडघा मांडीच्या अर्ध्यापर्यंत उघडा हवा. लुगड्यावरून किंवा पातळावरून वाटी हातात येत नाही. म्हणून सासूबाईंचं सूनबाईनं किंवा लेकीनं करावं, आडोसा करून. मामंजींचं मुलानं किंवा नातवानं. संकोच असला की माणूस मांडी आवळून धरतो आणि आवळलेल्या मांडीवर पुढची एकही पायरी जमत नाही.

सामान. एक टॉवेल गुंडाळी करायला, एक दुपट्टा, चमचाभर तेल, पाठ टेकेल अशी खुर्ची, वही आणि पेन. हात देणाऱ्यानं नखं कापावीत, बांगड्या मागे साराव्यात.

## ४. मोजणी: ही पायरी गाळली तर बाकी सगळं अंदाजपंचे

पहिल्या दिवशी आणि मग दर रविवारी, उपचाराच्या आधी, वहीत लिहा:

1. सरळपणा. टणक जागेवर पाय लांब करून गुडघ्याखाली किती बोटं जातात. दोन्ही पायांचं लिहा.
2. वाकणं. उताणं झोपून टाच बैठकीकडे सरकवा. टाच आणि बैठक यांत किती वीत, किती बोटं अंतर राहतं. वीत नेहमी एकाच माणसाची.
3. उठबस. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. एकदाही हात न लावता उठता आलं नाही तर शून्य लिहा. शून्य लिहायला लाजू नका.
4. दुखणं. शून्य ते दहा. घरापासून हातपंपापर्यंत, किंवा रोजच्या ठरलेल्या अंतरापर्यंत, चालून आल्यावर.

‘कसं वाटतं आजी?’ असं विचारलं की उत्तर त्या दिवशीच्या मनःस्थितीवर जातं. टाच दोन बोटं पुढे आली हे वहीत दिसतं.

## ५. शेक

गुडघा आखडलेला आहे पण गरम-सुजलेला नाही, तर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल १० ते १५ मिनिटं. तो मांडीच्या खालच्या अर्ध्यावर आणि गुडघ्यावर दोन्हीकडे ठेवा, कारण आखडलेली मांडीही असते. गुडघा गरम लागतो, फुगलेला आहे, तर शेक नाही. थंड पाण्याची पट्टी, आणि त्या दिवशी सातवी, आठवी, नववी पायरी गाळायची.

मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुरात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा शेकाची गरजच नाही. पौषात मात्र शेक टाळू नका.

> जपा: मधुमेह असेल तर पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. टॉवेल आधी हात देणाऱ्यानं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. तापलेली वीट किंवा तवा नकोच.

बिब्बा लावलेला, डाग दिलेला, रुईच्या चिकानं पुरळ आलेला गुडघा पुष्कळदा समोर येतो. त्या कातडीवर शेक नाही, तेल नाही, हातही नाही. आधी जखम भरू द्या.

## ६. मांडी आणि पिंढरी सैल करणं

चोळायचं ते इथे, आणि ते गुडघ्याच्या वर आणि खाली. गुडघ्यावर नाही.

तेल कोणतंही: जवस, तीळ, करडई, घरात असेल ते. ‘वंगण संपलं म्हणून तेल जिरवायचं’ हा समज सोडा. बाहेरून लावलेलं तेल सांध्याच्या आत जात नाही. ते फक्त हात सरकावा म्हणून आहे, चमचाभर पुरे.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या, म्हणजे मांडी ढिली पडेल. तळहातानं गुडघ्याच्या वरच्या कडेपासून जांघेच्या दिशेनं सावकाश दाबत जा, ३ मिनिटं. मग मांडीची बाहेरची बाजू, तिथे बहुतेकांना दुखरा पट्टा सापडतो. त्यावर अंगठा खुपसू नका; तळहाताच्या टाचेनं तिथेच १५-२० सेकंद दाब धरून ठेवा. दाबाखाली स्नायू ढिला पडल्याचं कळतं, तेव्हा पुढे सरका. शेवटी पिंढरी, टाचेकडून वर, २ मिनिटं.

गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दाबायचं नाही. तिथून मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते. झिजेच्या रुग्णांत तिथे कधी पाण्याची गाठ असते, ती चोळून जिरत नाही. पिंढरीवर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर तिथे फक्त हलका हात.

एवढं सगळं ८ मिनिटांत संपलं पाहिजे. अर्धा तास रगडलं की रुग्णाला झोप येते, हात देणाऱ्याचे हात दुखतात, आणि पुढच्या पायऱ्या, ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्या राहून जातात.

## ७. वाटी मोकळी करणं

आधी तेल पुसून टाका. वाटीवर आणि हातांवर तेल असेल तर बोटं घसरतात आणि माणूस नकळत वाटी खाली दाबायला लागतो.

पाय लांब, गुडघ्याखाली अगदी पातळ घडी. रुग्णाला मांडी पूर्ण सोडायला सांगा. दोन्ही अंगठे आणि तर्जन्यांनी वाटीच्या कडा धरा. आता वाटी सरकवायची आहे, दाबायची नाही.

- खाली, पावलाकडे. वाकताना अडणाऱ्याला ही दिशा सगळ्यात उपयोगी.
- वर, मांडीकडे. सरळ होताना अडणाऱ्याला.
- आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडे. बहुतेकांची वाटी बाहेर ओढली गेलेली असते, त्यामुळे आत ती कमी सरकते.

प्रत्येक दिशेला सावकाश, लयीत, ३० सेकंद. थोडं थांबून पुन्हा एकदा.

> तपासा: वाटी जरा तरी हलते का? मुळीच हलत नसेल तर दहापैकी आठ-नऊ वेळा मांडी आवळलेली असते. रुग्णाशी पीकपाण्याच्या, लेकीच्या गावच्या गोष्टी काढा. ‘मांडी ढिली सोडा’ म्हणून ती सुटत नाही.

वाटीखाली टोचल्यासारखी कळ आली तर दाब चुकतो आहे. बोटं कडांवर न्या.

## ८. आधी सरळ करणं

इथे आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक होते. ‘पाटावर बसता आलं पाहिजे, मांडी घालता आली पाहिजे’ म्हणून सगळा जोर वाकवण्यावर. पण गुडघा थोडा जरी वाकलेला राहिला तर उभं राहतानाही मांडीच्या स्नायूला सतत ताण धरून ठेवावा लागतो. मांडी थकते, वाटीवरचा दाब वाढतो, चाल लंगडी होते, मग कंबर दुखते. म्हणून गुडघा आधी सरळ होऊ द्या. पाटावर बसणं थांबू शकतं.

टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी. एक तळहात मांडीवर, वाटीच्या वर चार बोटं. दुसरा नडगीवर, वाटीच्या खाली चार बोटं. वाटीवर हात नाही. हळू खाली दाब, हळू सोडा. एका दाबाला दोन सेकंद, सोडायला दोन सेकंद. अर्धा मिनिट केलं की विश्रांती, असं तीनदा. जोर किती? गुडघ्यामागे ताण जाणवला पाहिजे, पण रुग्णाचा चेहरा आक्रसला नाही पाहिजे.

हात काढला की लगेच रुग्णानं स्वतः गुडघा खाली दाबून मांडी आवळायची, ५ सेकंद धरायची, सोडायची. १० वेळा. हातानं मिळवलेला सरळपणा त्याच्याच स्नायूनं पकडून दाखवायचा असतो. हे केलं नाही तर तासाभरात गुडघा होता तिथे परत.

मग मांडीमागचा ताण: उताणं झोपून पावलात दुपट्टा अडकवा, पाय सरळ ठेवून वर ओढा, ३० सेकंद, तीनदा. दुसरा पाय गुडघ्यात वाकवलेला असू द्या, कंबरेला बरं पडतं.

आणि रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय असेल तर ती काढा. पडल्या पडल्या बरं वाटतं हे खरं, पण आठ तास वाकलेला राहिलेला गुडघा सकाळी सरळ व्हायला कुरकुरतो. या एका उशीनं महिन्याची मेहनत वाया जाते.

## ९. मग वाकवणं

उताणं. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी किंवा गुळगुळीत कापड ठेवा म्हणजे ती सरकेल. रुग्णानं स्वतः टाच बैठकीकडे आणायची. हात देणाऱ्यानं एका हातानं टाच आणि दुसऱ्यानं मांडी खालून नुसती सांभाळायची.

जिथे अडतं तिथून एक बोट मागे या आणि त्या टप्प्यात छोटे झोके द्या: थोडं आत, थोडं बाहेर, अर्धा मिनिट. मग पाय पूर्ण सरळ. असं तीनदा. तिसऱ्या वेळी टाच आपोआप थोडी पुढे जाते. गेली नाही तर आज नाही गेली.

> मुळीच नको: पालथं झोपवून टाच पार्श्वभागाला लावण्यासाठी अंगावर रेलणं, उकिडवं बसवून खांद्यावर दाब देणं, ‘आता एकदा कट्‌ होऊ दे’ म्हणून झटका. दुसऱ्या दिवशी गुडघ्यात पाणी भरलेलं दिसतं आणि आठवडा फुकट जातो.

गुडघा फार दुखरा असेल, आठवी-नववी जमतच नसेल, तर माणसाला उंच बाकावर किंवा ओट्याच्या कडेला बसवा. पाय लोंबकळत, पाऊल जमिनीला न टेकता. पाय झुल्यासारखा मागे-पुढे सोडायचा, ३ मिनिटं. कोणाचा हात न लागताही यानं ठणका उतरतो.

## १०. लगेच व्यायाम, लगेच चालणं

नवव्या पायरीनंतर पाच मिनिटांच्या आत हे सुरू झालं पाहिजे. २००० साली अमेरिकेत ८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हातानं उपचार आणि व्यायाम हे दोन्ही आठवड्यातून दोनदा, चार आठवडे दिले होते. दुसऱ्या गटाला खोटा अल्ट्रासाउंड शेक. वर्षभरात खोट्या शेकाच्या गटातल्या २० टक्के लोकांना सांधा बदलावा लागला, खऱ्या उपचाराच्या गटात ५ टक्के. हा फरक नुसत्या हातांचा नव्हता, दोन्ही मिळून होता.

रोज करायचे चारच:

1. सरळ पाय उचलणं. एक पाय वाकवलेला, दुसरा ताठ करून फूटभर वर, ५ सेकंद. १० वेळा.
2. गुंडाळीवरून नडगी उचलणं. गुडघ्याखाली जाड गुंडाळी, टाच उचलून गुडघा पूर्ण सरळ, ५ सेकंद. १० वेळा.
3. कुशीवर पाय उचलणं. वरचा पाय सरळ, पाऊल पुढे न वळवता वर. १० वेळा. खुब्याच्या बाजूचा स्नायू दुबळा असला की प्रत्येक पावलाला गुडघा आत झुकतो. हा व्यायाम हटकून गाळला जातो.
4. खुर्चीवरून उठबस. जमत नसेल तर खुर्चीवर वाकळेची घडी ठेवून बैठक उंच करा. आठवड्याला एक घडी कमी. बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत.

प्रत्येकाचे आधी एक-एक सत्र, जमलं की दोन, मग तीन. नंतर अंगणात ५ मिनिटं चाला, टाच आधी टेकवत. काठी लागत असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण दुखऱ्याच बाजूला धरतात, त्यानं वजन हलकं होण्याऐवजी चाल बिघडते. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एसटीच्या पायरीलाही हेच.

## ११. चोवीस तासांची तपासणी

उपचारानंतर थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाहा:

- दुखणं होतं तेवढंच किंवा कमी: तेच चालू ठेवा, तीन दिवसांनी व्यायाम थोडा वाढवा.
- दुखणं दोन आकड्यांनी वाढलेलं आणि अजून उतरलं नाही: हातकाम एक दिवस बंद, मग अर्ध्या मात्रेत. व्यायामातले पहिले दोन चालू ठेवा.
- सूज आली: पाचव्या पायरीतला थंड पट्टीचा नियम. दोन दिवसांत उतरली नाही तर दाखवा.

हातकाम आठवड्यातून तीन-चार वेळा पुरे. रोज करायचा तो व्यायाम.

## १२. शेताचं वेळापत्रक

सुरुवात करायला सगळ्यात बरा काळ म्हणजे तूर निघाल्यापासून पेरणीपर्यंतचा. निंदणाच्या किंवा रोवणीच्या ऐन दिवसांत नवा उपचार सुरू केला की शेतातलं दुखणं उपचाराच्या माथी मारलं जातं, आणि चौथ्या दिवशी बंद.

निंदण उकिडवं बसून न करता छोट्या लाकडी पाटावर बसून, किंवा लांब दांड्याच्या अवजारानं उभ्यानं करा. कापूस वेचताना ओटी गच्च भरायची वाट पाहू नका; अर्धी झाली की रिकामी करा. धान रोवायला जाणाऱ्या बायांनी दर तासाला बांधावर येऊन गुडघे दहा वेळा ताठ करावेत, मुकादम काय म्हणायचं ते म्हणेल. संडासात प्लास्टिकचं कमोड-स्टूल आणा. गुडघ्यासाठी घरात एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल, तर तेलाच्या बाटलीपेक्षा, पट्ट्यापेक्षा मी हीच घ्यायला सांगेन.

वजन जास्त असेल तर तेही उतरवा. एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

## १३. सहा आठवड्यांनी वही उघडा

गुडघ्याखालची बोटं कमी झाली, उठबस वाढली, पण दुखणं दहातलं दोनच आकड्यांनी उतरलं, तर उपचार लागू पडतो आहे. दुखणं मागून उतरतं. हातकाम आता आठवड्यातून एकदा करा, व्यायाम चालू.

मोजमाप सुधारलं आणि मग पेरणी-निंदणात घसरलं, तर सातव्या पायरीपासून पुन्हा पंधरा दिवस. नव्यानं दवाखाना गाठायची गरज नाही.

काहीच हललं नाही, तर वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे परत जा आणि त्याच्यासमोर हात करून दाखवा. बहुतेकदा दाबाची जागा किंवा व्यायामाची मात्रा चुकलेली निघते. तिथेही सगळं बरोबर आहे, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकत चालला आहे, रात्रीची झोप मोडते आहे, घराबाहेर जाणं सुटलं आहे, तर अस्थिरोगतज्ज्ञांना भेटायची वेळ झाली. भेटायला जाताना उभं राहून काढलेला एक्स-रे आणि ही वही, दोन्ही न्या. शस्त्रक्रिया ठरली तरी पहिले तीन व्यायाम शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत चालू ठेवा. मांडीत ताकद असलेला माणूस नंतर लवकर उभा राहतो.